विनोबांचे पाय

विनोबांवर लिहिणारे पुष्कळ झाले. कुणी गीताईवर लिहिलं, कुणी भूदानावर, कुणी आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर चिडून लिहिलं. त्यांच्या पायांवर मात्र कुणी सवडीनं लिहिल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. मी काही तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नव्हे. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या आणि साठीच्या उंबरठ्यावर पहाटे उठून पळायला लागलो. साहजिकच विनोबांकडे बघताना माझी नजर त्यांच्या कपाळाकडे जाण्याआधी पायांकडे जाते. छातीवर आलेली दाढी, कानटोपी, गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि त्याखाली काटकुळे, शिरा दिसणारे दोन पाय. या दोन पायांवर हा माणूस तेरा वर्षं हिंदुस्थानभर चालला. निघाला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता, परतला तेव्हा अडुसष्ट.

मी राहतो ते मालेगाव नाशिकचं नव्हे, वाशिमचं. हे दर वेळी सांगावं लागतं. आमच्या गावाला चालण्याचं अप्रूप नाही. दर वर्षी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर, मेडशी, डव्हा करत आमच्या गावात येते आणि शिरपूरच्या वाटेनं पुढे पंढरपूरला जाते. पायाला भेगा पडलेली म्हातारी माणसं टाळ वाजवत पुढे सरकताना आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. पळण्याचं मात्र तसं नाही. इकडे पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात ती पोलीस भरतीची पोरं. सोळाशे मीटरसाठी त्यांची छाती फुटेस्तोवर तयारी चाललेली असते. मुली आठशे मीटरची तयारी करतात. त्यांना गुण मिळवायचे आहेत, नोकरी मिळवायची आहे, घरच्या दोन एकर कोरडवाहूतून बाहेर पडायचं आहे. त्यांना कुणी प्रेरणा द्यावी लागत नाही. भरती झाली की त्यांचं पळणं संपतं. नाही झाली तरी वयाची अट ओलांडली की संपतं.

माझ्यासारख्याचं काय? मला कुणी गुण देणार नाही. मी पळालो नाही तर कुणाचं बिघडत नाही. पावसाळ्यात मेडशी रस्त्यावर चिखल असतो, मे महिन्यात पहाटे पाचलाही वारा गरम लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरवर गुडघा विचारतो, की हे सगळं कशासाठी? हौसेनं पळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. पहिल्या दिवसाचा उत्साह सगळ्यांकडे असतो. खरी कसोटी लागते ती दोनशेव्या दिवशी, जेव्हा नवीन काहीच उरलेलं नसतं. याचं उत्तर शोधताना मी धावपटूंची चरित्रं वाचली. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, हे वाचून छाती भरून आली. पण शर्यतीतल्या माणसाला पुढे एक रेषा असते, ती ओलांडली की संपलं. मला हवा होता रेषा नसलेला माणूस. तो शेजारच्याच मुलखात, पवनारला सापडला.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात गागोद्याचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला गेले आणि मुलाचं शिक्षण तिथे झालं. लहानपणी या मुलाला दोन व्यसनं होती, वाचन आणि भटकणं. शाळेच्या वर्गापेक्षा बडोद्याच्या रस्त्यांवर आणि ग्रंथालयात त्याचा वेळ जास्त जाई. मित्रांना बरोबर घेऊन मैलोन्‌मैल चालायचं आणि चालता चालता वाद घालायचे, हा त्याचा खेळ. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. त्याआधी आपली प्रमाणपत्रं त्यानं आईच्या समोर चुलीत घातली होती. त्याच वर्षी ७ जूनला तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला आणि त्यांचाच झाला.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. मला जास्त रस आहे तो पुढच्या वर्षात. विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा मागून घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे त्यांना वेदान्ताचा अभ्यास करायचा होता आणि प्रकृतीही सुधारायची होती. त्या काळात त्यांनी गांधीजींना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात उपनिषदांचा हिशेब आहे तसाच शरीराचाही आहे. आधी रोज दहा-बारा मैल चालणं ठेवलं, मग रोज सहा-आठ शेर धान्य दळायला घेतलं आणि नंतर तीनशे सूर्यनमस्कार. एक व्यायाम अंगवळणी पडला की पुढचा धरायचा, असा तो क्रम. आमच्या गावातल्या व्यायामशाळेतल्या पोराला विचारलं तर तो हेच सांगेल, फक्त त्याची फी घेईल. त्याच वर्षात विनोबा महाराष्ट्रात सुमारे चारशे मैल पायी हिंडले. गड-किल्ले पाहिले, गावोगाव गीतेवर बोलले. आणि वर्ष पूर्ण झालं त्याच दिवशी आश्रमात परत हजर झाले. कोणत्या तारखेला परत यायचं ठरलं होतं हे गांधीजींच्याही ध्यानात राहिलं नव्हतं, विनोबांच्या मात्र होतं. बँकेत चाळीस वर्षांच्या माणसाला हप्त्याची तारीख आठवण करून द्यावी लागते हे मी जन्मभर पाहिलं आहे. बाविशी-तेविशीतला हा पोरगा स्वतःशी ठरवलेली तारीख पाळत होता. पुढच्या सगळ्या चालण्याचं मूळ मला या एका तारखेत दिसतं.

१९२१ च्या एप्रिलमध्ये ते वर्ध्याला आले आणि वऱ्हाड-नागपूरकडचेच झाले. तुरुंगवास, सूतकताई, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली सांगितलेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली गीता-प्रवचनं, या सगळ्यातून मी भरभर पुढे जातो. कारण पळणाऱ्या माणसासाठी खरी गोष्ट आहे १९३८ सालची.

त्या वर्षी विनोबांची प्रकृती अगदी ढासळली होती. वजन उतरून ८८ पौंडांवर आलं होतं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. वय बेचाळीस. गांधीजी काळजीत पडले आणि त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह धरला. विनोबांनी त्यासाठी थोडा वेळ मागून घेतला आणि ते गेले वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवरच्या पवनारला, धाम नदीच्या काठच्या टेकडीवर. जमनालाल बजाजांचं तिथे घर होतं. नदी ओलांडताना त्यांनी आपल्या सगळ्या कामांच्या आणि विचारांच्या ओझ्याचा मनानं त्याग केला. आश्रमांची काळजी नाही, पत्रव्यवहाराची नाही, कशाचीच नाही.

आणि मग कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी खणलं फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं जास्त, पुढे रोज अशीच थोडी थोडी वाढ. खणताना मधे मधे क्षणभर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खणायचं. काही काळानं ते तास तास खणू लागले. बरोबर आहाराचा नेम होता, मोकळी हवा होती आणि डोकं रिकामं होतं. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. चाळीस पौंड वाढ! त्या आडदांड टेकडीवर कुणी प्रशिक्षक नव्हता. पळून-थांबून-पळून दम वाढवण्याची जी रीत आज हौशी धावणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतात, ती हा माणूस कुदळीनं करत होता. मी जेव्हा कुणाला पळायला लागण्याबद्दल सांगतो तेव्हा ही पाच मिनिटांची गोष्ट सांगतो. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळून आठवडाभर अंथरुणात पडलेले निवृत्त लोक आमच्या गावात काही कमी नाहीत.

आठ वर्षांनी, १९४६ मध्ये, विनोबांनी आणखी एक नेम धरला. पवनारपासून तीनेक मैलांवर सुरगाव नावाचं खेडं आहे. रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून तिथे चालत जायचं आणि गावातली विष्ठा उचलून रस्ते साफ करायचे. थंडी असो, पाऊस असो. गावकऱ्यांनी सुधारावं म्हणून उपदेश नाही, फक्त रोज जाणं. एकदा पावसात मधला ओढा दुथडी भरला. पलीकडे जाता येईना. विनोबा काठावर उभे राहिले, पलीकडच्या माणसाला हाक मारून त्यांनी निरोप दिला, की देवळातल्या देवाला जाऊन सांग, गावचा भंगी येऊन गेला. आणि घरी परतले.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पूर आला म्हणून ते घरी बसले नाहीत आणि पूर आहे हे दिसत असताना हट्टानं पाण्यातही उतरले नाहीत. जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत गेले, हजेरी लावली आणि मागे फिरले. पळणाऱ्याच्या आयुष्यात असे दिवस येतात. अंगात कणकण असते, आभाळ फुटलेलं असतं. अशा दिवशी बूट घालून निदान वेशीपर्यंत जाऊन यावं, असं मी आमच्या पहाटेच्या मंडळींना सांगतो. नेम मोडतो तो अंतर कमी झाल्यानं नव्हे, उंबऱ्याच्या आत राहिल्यानं.

आता १९५१. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबांना जायचं नव्हतं. शंकरराव देवांनी फारच आग्रह धरला तेव्हा ते तयार झाले आणि जाणार ते पायी, असं त्यांनी जाहीर केलं. पैशाचा वापर सोडण्याचा प्रयोग त्यांनी त्याआधीच सुरू केला होता. ८ मार्चला पवनार सोडलं, तीनशे मैल चालून महिनाभरात पोचले. संमेलन संपल्यावर ते तेलंगणात शिरले. तिथे तेव्हा कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. दिवसा पोलीस आणि रात्री बंडखोर, अशा कात्रीत खेडी सापडली होती. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात हरिजनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदारानं शंभर एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते मागत निघाले. तेलंगणात एक्कावन्न दिवसांत बारा हजारांहून जास्त एकर जमीन मिळाली.

त्याच वर्षी नेहरूंनी नियोजन मंडळाशी बोलण्यासाठी त्यांना दिल्लीला बोलावलं. विमान पाठवायची तयारी होती. विनोबांनी कळवलं की येईन, पण माझ्या चालीनं. १२ सप्टेंबरला निघाले, १३ नोव्हेंबरला राजघाटावर पोचले. बासष्ट दिवसांत सुमारे आठशे मैल. रोजचे तेरा मैल झाले, म्हणजे वीस-एकवीस किलोमीटर. आज ज्याला आपण अर्धमॅरेथॉन म्हणतो आणि ज्याचं पदक गळ्यात घालून फोटो काढतो, तेवढं अंतर रोज, दोन महिने. ते चालणं होतं, पळणं नव्हे, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी त्यांच्याबरोबर चाल केली त्यांनी लिहून ठेवलंय की म्हाताऱ्याबरोबर राहायला तरुणांना मधून मधून पळावं लागे.

त्यांचा दिनक्रम बघण्यासारखा होता. पहाटे तीनला उठणं, प्रार्थना आणि मग अंधारातच कूच. पुढे कंदील, मागे विनोबा, त्यांच्या मागे बरोबरची मंडळी. सुरुवातीचा वेळ शांततेचा. उजाडलं की बोलणं सुरू. कुणी चर्चेला आलेला असे, कुणी भांडायला. ऊन चढायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा. दुपारी कार्यकर्ते, संध्याकाळी सभा आणि रात्री लवकर झोप. पोटात व्रण होता, म्हणून आहार म्हणजे थोडं थोडं दूध-दही, मध किंवा गूळ, दिवसातून अनेकदा. चालता चालता ते शिकत आणि शिकवत. जपानी साधू बरोबर आला तेव्हा त्याच्याकडून जपानी, जर्मन मुलगी आली तेव्हा तिच्याकडून जर्मन. वयाच्या साठीनंतर, ही गोष्ट विसरू नका. नवीन शब्द पाठ करणाऱ्या माणसाला मैल मोजायची सवड कुठून मिळणार? मनाला काम दिलं की पाय आपोआप पुढे पडतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझ्या शेवटच्या कादंबरीची दोन प्रकरणं मेडशीच्या रस्त्यावर जुळली. हल्लीची पोरं कानात गाणी लावून पळतात, तेही त्याच जातीचं औषध.

दुसरी गोष्ट वेळेची. आज जायचं की नाही, हा प्रश्न विनोबांनी स्वतःला रोज विचारलाच नाही. तो एकदाच विचारून संपवला होता. आपण रोज पहाटे अंथरुणात पडून त्याच ठरावावर पुन्हा मतदान घेतो आणि ठराव नापास होतो.

पण त्यांचेही वाईट दिवस होतेच आणि ते साधेसुधे नव्हते. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमधल्या चांडिल गावी त्यांना जबर मलेरिया झाला. ताप उतरेना. औषध घ्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. देशभर काळजी पसरली, मोठमोठ्या लोकांनी विनवण्या केल्या. अखेर त्यांनी औषध घेतलं आणि ताप उतरला. पुढे काही आठवडे ते तिथेच राहिले, शक्ती भरून येऊ दिली आणि मार्चमध्ये तिथलं सर्वोदय संमेलन आटोपल्यावर पुन्हा चालू लागले. त्यांच्या हट्टाचं कौतुक मी करणार नाही. रक्तदाबाची गोळी घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही आणि साठीपुढच्या कुणी पडूही नये. मला त्या प्रसंगात दिसतं ते शेवटी औषध घेणं आणि त्याहून जास्त, ते थांबलेले आठवडे. तेरा वर्षं चालणाऱ्या माणसाला थांबणंही यावं लागतं.

१९५३ च्या सप्टेंबरमध्ये देवघरला वैद्यनाथाच्या मंदिरात ते हरिजनांना घेऊन गेले. पंड्यांनी हल्ला केला. बरोबरच्या माणसांनी आणि मुलींनी मार खाल्ला, विनोबांच्याही कानावर फटका बसला. त्यांनी कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. यात्रा पुढे चालू राहिली, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक करत. कोरापुटच्या डोंगरांत तर ती भर पावसात चालली. आणि मे १९५८ मध्ये हेच विनोबा पंढरपूरला पोचले. तिथे विठोबाच्या देवळात त्यांनी पाऊल ठेवलं ते मुसलमान आणि ख्रिश्चन सोबत्यांना घेऊन, आणि तेही बडव्यांच्या आमंत्रणावरून. अंगावर मार झेललेल्या माणसाच्या डोळ्यांतून त्या दिवशी विठोबासमोर पाणी वाहत होतं. देवघर ते पंढरपूर या अंतराला पाच वर्षं लागली. नकाशावर ते काही एवढं लांब नाही.

पुढच्या वर्षी काश्मीर. जुलै १९५९ मध्ये पूंछकडे, पीरपंजालच्या पायथ्याशी लोरन गावात पावसानं त्यांना अडकवून ठेवलं. रस्ते वाहून गेले होते. विनोबांनी तेव्हा मनाशी एक सौदा केला होता. डोंगर ओलांडता आला नाही तर तो परमेश्वराचा संकेत समजायचा आणि पंजाबात परतायचं. पाऊस थांबला. त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस साडेतेरा हजार फुटांवरची ती वाट चढून पलीकडे उतरला. सह्याद्रीतलं सगळ्यात उंच कळसूबाई साडेपाच हजार फुटांच्या आत आहे, म्हणजे अंदाज येईल.

आता जरा बँकवाल्याचा हिशेब. त्यांच्या एकूण चालण्याचे वेगवेगळे आकडे दिले जातात. ढोबळ साठ हजार किलोमीटर धरले तर पृथ्वीला विषुववृत्तावरून दीड प्रदक्षिणा होते. १९५१ चा मार्च ते १९६४ चा एप्रिल, आजारपणं, मुक्काम, पावसाळे सगळे धरून, रोजची सरासरी साडेबारा किलोमीटर पडते. माझी सरासरी सांगत नाही.

जमेची बाजू झाली, आता दुसरी. विनोबांनी १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमिनीचं लक्ष्य ठेवलं होतं. मिळाली ती चाळीस-बेचाळीस लाख एकर. दहावा हिस्साही नव्हे. त्यातली कितीतरी खडकाळ होती, कितीतरी वादातली, आणि मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पोचलाच नाही. कागदावर दान आणि सातबाऱ्यावर जुनाच मालक, अशी प्रकरणं झाली. कर्जाचा दस्तऐवज करून देताना मी जन्मभर सातबारे तपासले, त्यामुळे सहीचा कागद आणि ताब्यातली जमीन यांतलं अंतर मला कुणी समजावून सांगायला नको. टीकाकारांनी याबद्दल विनोबांना झोडलं, ते अगदीच चुकीचं नव्हतं. देशाचा भूमिप्रश्न पदयात्रेनं सुटला नाही.

पण १९५७ उलटून गेल्यावर, लक्ष्य हुकल्याचं सगळ्या जगाला दिसत असताना, हा माणूस आणखी सात वर्षं चालला. इथे मी नेहमी थांबतो. भरतीची यादी लागली, नाव नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तोच पोरगा त्याच रस्त्यावर पळताना दिसला, तर आपण त्याला वेडा म्हणू. विनोबा चालत राहिले ते एकरांसाठी, यात शंका नाही. पण केवळ एकरांसाठी असते तर १९५७ नंतर चालले नसते. चंबळच्या खोऱ्यात गेले, मे १९६० मध्ये वीस दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर शस्त्रं ठेवली. आसामात दीड वर्ष हिंडले. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस चालले. त्याच वर्षी सतीश कुमार आणि प्रभाकर मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी वॉशिंग्टनला निघाले. निघण्यापूर्वी विनोबांकडे आशीर्वादाला गेले तेव्हा त्यांनी सल्ला दिला, की बरोबर पैसे घेऊ नका. पैसे असले की माणूस थकल्यावर हॉटेल शोधतो, नसले की माणसं शोधतो. दोघं खरोखर रिकाम्या खिशानं निघाले आणि पोचले.

१० एप्रिल १९६४ ला विनोबा पवनारला परतले. नेहरू त्यानंतर दीड महिन्यानं गेले. पुढच्या वर्षी ग्रामदानासाठी बिहारमध्ये विनोबांनी तुफान यात्रा काढली, पण ती मोटारीनं. पाय आता पूर्वीचे राहिले नव्हते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. ज्यांनी विमान नाकारलं होतं, त्यांनी मोटार स्वीकारली. काही जणांना हे खटकलं. मला नाही खटकत. गुडघे गेल्यावर पळणं सोडून चालायला लागलेला माणूस मला हट्टानं लंगडत पळणाऱ्यापेक्षा शहाणा वाटतो.

१९७० च्या जूनमध्ये ते पवनारला कायमचे आले आणि ऑक्टोबरमध्ये क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे आश्रमाची जागा सोडून बाहेर पाऊल टाकायचं नाही. साठ हजार किलोमीटर चाललेल्या पायांना त्यांनी टेकडीवरच्या त्या आवाराएवढी हद्द घालून दिली. बाहेर पुढे पुष्कळ काही घडलं, आणीबाणी आली, त्यांच्या मौनावर आणि शब्दांवर वाद झाले, तो इतिहास वेगळा आहे आणि तो त्यांच्या बाजूनं सगळा लागत नाही. आवारात मात्र रोजचा नेम चालू होता. पाहायला येणाऱ्यांना वाकून केरकचरा आणि पडलेली पानं वेचणारा एक म्हातारा दिसे. पुष्कळांना तो ओळखू यायला वेळ लागे.

१९८२ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी थोडा उतार पडू लागला होता. दोन-तीन दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं बंद केलं. या वेळी विनवण्या चालल्या नाहीत, पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः येऊन गेल्या तरीही. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, सकाळी ते गेले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्या धाम नदीवरून ८८ पौंडांचं शरीर घेऊन ते टेकडीवर आले होते, तिच्याच काठावर त्यांना अग्नी दिला.